ठिपक्याची दिशा

१

शाळा सुटली की कुंदुझ कोपऱ्यावरच्या भट्टीतून गरम नान घ्यायची, कोटाच्या आत छातीशी धरायची आणि नदीकडेच्या रस्त्यानं घर गाठायची. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडताना ती मुद्दाम किल्ल्या वाजवायची. बूट काढता काढता मोठ्यानं म्हणायची, "आले हं मी." आतून उत्तर येत नसे. तरी ती क्षणभर तिथेच घुटमळायची. न जाणो, आज येईल.

आत तिचा नवरा मेदेत सोफ्यावर बसलेला असायचा, सकाळी ती बसवून गेली होती तसाच. समोरच्या चहाच्या वाटीवर साय धरलेली. कुंदुझ वाटी उचलायची, नवा चहा टाकायची, नानचे लहान लहान तुकडे करायची आणि त्याच्या हातांना चरबीचं मलम चोळायला बसायची. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्याशेजारचं बोट तेवढं शिल्लक होतं. डाव्या हाताची बोटं होती, पण शेंड्यांवर चामडी काळी पडून निब्बर झाली होती.

लग्नाच्या आधीपासून मेदेत नारिनहून राजधानीकडे ट्रक न्यायचा. त्या हिवाळ्यात खिंडीत वरचा बर्फाचा कडा सुटला आणि त्याचा ट्रक गाडला गेला. एकटाच होता तो गाडीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला उकरून काढलं तेव्हा तो जिवंत होता, याचंच सगळ्यांना इतकं अप्रूप वाटलं, की तो बोलत नाहीये हे कुणाच्या लवकर ध्यानातच आलं नाही.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. घसा ठीक, कान ठीक, डोकं ठीक. वाट बघा, म्हणाले. कुंदुझ वाट बघत होती. तिनं त्याच्याशी गप्पा मारून पाहिल्या, भांडून पाहिलं, एकदा तर त्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून ढसाढसा रडून पाहिलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

२

मेदेतच्या पुतण्यानं कोरियाला कामाला जाताना आपला कॉम्प्युटर त्यांच्याकडे ठेवला होता. कुंदुझ शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. प्रश्नपत्रिका टाईप करायला म्हणून एकदा ती कॉम्प्युटरवर बसली आणि चुकून भलत्याच चित्रावर क्लिक झालं. ट्रक चालवायचा खेळ सुरू झाला. इंजिनानं धाप टाकल्यासारखा आवाज केला आणि काचेपलीकडे रस्ता उलगडायला लागला. ती घाईघाईनं बंद करायला गेली. तेवढ्यात तिचं मेदेतकडे लक्ष गेलं. त्याच्या मांडीवरचा उजवा अंगठा हलत होता. वळण डावीकडे आलं की डावीकडे, उजवीकडे आलं की उजवीकडे.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. त्याच्या हाताला चालेल असं काहीतरी शोधायचं, एवढाच ध्यास. कीबोर्डच्या बटणांना बोटं हवीत. खेळाचं स्टिअरिंग मिळायचं, पण ते धरायला पकड हवी. राहिला तो दोन्ही हातांत मावणारा कंट्रोलर, ज्याला गावात सगळे जॉयस्टिकच म्हणायचे. अंगठ्याखाली छोटी दांडी, ती हलवली की गाडी वळते. पण त्यातही शंभर प्रकार. रात्र रात्र ती वाचत राहिली. वायरचा हवा, म्हणजे ऐन रस्त्यात बॅटरी संपायला नको. पाठीमागे जादा बटणं हवीत, म्हणजे तळव्यानंसुद्धा दाबता येतील. आणि दांडी चुंबकाची हवी. साध्या दांडीच्या आत पत्रे एकमेकांवर घासतात, झिजतात आणि मग कुणी हात लावलेला नसतानाही दांडी एका बाजूला ओढ घेते. चुंबकाच्या दांडीत काही घासतच नाही. ती ओढ घेत नाही.

बाजारातल्या गाळ्यात कॉम्प्युटरचं सामान विकणाऱ्या साल्कीनला हे सगळं सांगितलं तर ती हसायलाच लागली.

"नवऱ्यासाठी? अगं, बायका माझ्याकडे येतात ते नवऱ्याच्या हातातनं हे काढायचं कसं, ते विचारायला."

मग तिला कुणाचा नवरा ते आठवलं असावं. तिनं गुपचूप आतून खोकं काढलं, आपल्या कॉम्प्युटरला वायर जोडली आणि तपासणीचा पडदा उघडून दाखवला. दोन दांड्यांची दोन वर्तुळं, प्रत्येकात एक ठिपका. दोन्ही ठिपके बरोब्बर मधोमध.

३

घरी येऊन कुंदुझनं वायर लावली. कॉम्प्युटरला आधी ते काय यंत्र आहे तेच कळेना. दोन बटणं एकदम दाबून धरली तेव्हा दिव्याचा रंग बदलला आणि ओळख पटली. तपासणीचा पडदा उघडला. डाव्या वर्तुळातला ठिपका मधोमध होता. उजव्यातला वरच्या अंगाला कलला होता.

कंट्रोलर टेबलावर ठेवलेला. कुणाचाही हात लागलेला नाही.

प्रवासात काही हललं असेल, म्हणून तिनं पुस्तिकेत दिल्याप्रमाणे दांडी सोडली, कडेकडेनं गोल फिरवली, पुन्हा सोडली. कॉम्प्युटरनं सगळं जुळवून घेतल्याचं सांगितलं. ठिपका पुन्हा वर सरकला. वैतागून तिनं कंट्रोलर उचलला आणि उजेडाकडे वळवला. तशी ठिपक्यानं दिशा बदलली.

तिनं तो आणखी वळवला. ठिपका आणखी फिरला. पाठमोरा धरला, तर ठिपका खाली आला. कंट्रोलर कसाही धरा, ठिपका खोलीतल्या एकाच बाजूला राहत होता. खिडकीच्या बाजूला. त्या खिडकीतून नदी दिसायची आणि नदीपलीकडे खिंडीकडे चढत जाणारा रस्ता.

कुंदुझला त्याची गंमत वाटली. चुंबक आहे, लोखंड ओढणारच. खिडकीखाली गरम पाण्याचे जाडजूड नळ होते, भिंतीत सळ्या होत्या. उद्या वर्गात सांगण्याजोगी गोष्ट, असंही तिच्या मनात येऊन गेलं. त्यावर उपायही होता. मधल्या काही जागेत दांडी हलली तरी कॉम्प्युटरनं दुर्लक्ष करावं अशी सोय असते. खेळात तिला मृत जागा म्हणत. कुंदुझनं ती मृत जागा वाढवली, ठिपका तिच्या आत घेतला आणि प्रश्न मिटवला. वळणं उजव्या दांडीवर, वेग पाठीमागच्या एका बटणावर, ब्रेक दुसऱ्यावर. मग कंट्रोलर मेदेतच्या हातांत ठेवला आणि तिनं श्वास रोखून धरला.

मेदेतनं गाडी सुरू केली. आधी आरशात बघितलं, मग रस्त्यावर घेतली. कुठे आदळली नाही, कुठे घसरली नाही. त्याच्या खांद्यांना जुना आकार आला. कुंदुझ स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबावा तसा रुमाल कोंबून रडली.

परत आली तेव्हा ट्रक थांबलेला होता. दोन्ही बाजूंना पांढरं माळरान, ना घर ना पाटी. मेदेतनं गाडी रस्त्याच्या कडेला नीट घेऊन उभी केली होती, इंजिन चालूच. तो उजवीकडे बघत होता, पडद्यावरच्या ट्रकमधल्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे. कुणी चढतंय, त्याचं दार लागेपर्यंत थांबावं, तसा तो थांबला होता.

मग त्यानं मान वळवली आणि गाडी काढली.

४

मेदेत सुधारायला लागला. स्वतःच्या हातानं चहाची वाटी उचलायला लागला. नानवर साय फासून खायला लागला. दाढी करून घेताना गाल पुढे करायला लागला. कुंदुझ शाळेतून धावत यायची आणि खेळ लावून द्यायची. रोज तो थोडा वेळ गाडी चालवायचा आणि रोज त्याच उजाड जागी कडेला थांबायचा. त्याला तिथे विसावा घ्यावासा वाटत असेल, असं तिनं ठरवून टाकलं.

पण एके दिवशी गाडी आपोआप उजवीकडे ओढायला लागली. तिनं तपासणीचा पडदा उघडला. ठिपका मृत जागेच्या बाहेर आला होता. आणि तो आता खिडकीकडे नव्हता. खोली ओलांडून उलट बाजूला, जिन्याच्या भिंतीकडे होता.

नळ जागा बदलत नाहीत. सळ्याही नाहीत.

तिनं शाळेच्या प्रयोगशाळेतलं होकायंत्र घरी आणलं आणि खोलीभर फिरवलं. सुई उत्तर दाखवत राहिली, कुठेही थरथरली नाही. मग साल्कीनकडून तिनं साधा, चुंबक नसलेला, स्वस्तातला कंट्रोलर उसना आणला. त्यात चुंबकच नव्हतं, तेव्हा ओढ घेण्याचा प्रश्नच नव्हता. वायर लावली. उजवा ठिपका सावकाश सरकत जिन्याकडे गेला आणि तिथे थांबला.

झिजलेला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. उसना माल, कुणीकुणी वापरलेला. दोन वेगवेगळ्या यंत्रांत दोन वेगवेगळे दोष असू शकतात. वर्गात एखाद्या मुलीनं असं उत्तर दिलं असतं तर तिनं तिला उभं केलं असतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं चुंबकाचा कंट्रोलर प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरला जोडला. ठिपका फळ्याच्या डाव्या कोपऱ्याकडे सरकला. तिनं कंट्रोलर वळवला, ठिपका तिकडेच. त्या कोपऱ्यापलीकडे काय आहे ते बघायला ती खिडकीशी गेली. बर्फानं भरलेलं पटांगण, रस्ता, पॉपलरची झाडं, आणि झाडांच्या मागे तिची स्वतःची इमारत.

पुढचे तास तिनं कसे घेतले ते तिलाच आठवत नव्हतं. धावत घरी आली, किल्ल्या वाजवायलाही विसरली. मेदेत सोफ्यावर होता. सुखरूप होता. फक्त तो भिंतीकडे बघत नव्हता. दाराकडे बघत होता, आणि ती आत आल्यावरही तिच्या मागे बघत राहिला.

५

मेदेतची थोरली बहीण बुरुल, जिला सगळे बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, म्हणत, रविवारी बोरसोकांची, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पिशवी घेऊन आली. भाऊ आपल्या हातानं खातोय हे बघून तिचे डोळे भरून आले. कुंदुझला तिनं जवळ घेतलं. डॉक्टरांना जमलं नाही ते तू एका खेळण्यानं केलंस, मास्तरीणबाई, म्हणाली.

मग नेहमीप्रमाणे एजे चहा ओतायला बसली. एक वाटी भावापुढे, एक कुंदुझपुढे, एक आपल्याला. चौथी वाटी तिनं सोफ्याच्या रिकाम्या टोकाकडे सरकवली आणि तिचा हात तिथेच थांबला.

"हे बघा माझं," ती हसली. "म्हातारी झाले." तिनं वाटी परत ओढली. पण नंतर तिच्या गप्पा रंगल्या नाहीत. दोनदा तिनं शाल सारखी केली. दार नीट लागत नाही का गं, विचारलं. कुंदुझनं दार घट्ट लागतं म्हणून सांगितलं.

निघण्याआधी दारालगतच्या अरुंद बोळात कोट घालताना एजे हळूच म्हणाली, "मुल्लाला बोलावून काही वाचून घेऊ या का?"

"कशासाठी, एजे?"

ती खुंट्यांवरच्या कोटांकडे बघत राहिली. मग स्वतःचा कोट बटणं न लावताच आवळून धरत जिना उतरली.

ती गेल्यावर कुंदुझनं शिक्षिकेला शोभेल असं एक काम केलं. कंट्रोलर सोफ्याच्या एका टोकाला धरला आणि ठिपका कुठे जातो ते पाहिलं. मग वायर पुरेल तितकी ताणून टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी गेली आणि पुन्हा पाहिलं. दोन ठिकाणांहून दोन सरळ रेषा. त्या जिथे मिळतात तिथे ती गोष्ट असणार. एखादी मोटर असेल, विजेची जुनी पेटी असेल.

रेषा बोळातल्या खुंट्यांपाशी मिळत होत्या.

तिनं बोळातला दिवा लावला. तिचा स्वतःचा कोट, मेदेतचा मेंढीच्या कातड्याचा कोट, पावसाळी कोट, एक जुनी शाल. तिनं एकेक बाजूला करून पाहिलं. मागे भिंतच होती. फक्त मेदेतचा कोट, जो तो घरी आल्यापासून कुणी घातला नव्हता, आतून थंडगार आणि ओला लागला. कातड्यावर बर्फ वितळल्यावर येतो तसला वास येत होता.

मागे खोलीत मेदेतच्या हातात नसलेला कंट्रोलर टेबलावर थरथरायला लागला.

६

त्याच संध्याकाळी तिनं वायर उपटली. दोन्ही कंट्रोलर पिशवीत घातले आणि दुसऱ्या दिवशी साल्कीनच्या गाळ्यावर नेऊन ठेवले. काय बिघडलं, साल्कीननं विचारलं. काही नाही, नकोय आता, एवढंच ती म्हणाली.

मेदेतनं काही मागितलं नाही. मागणार कसं? पण त्या दिवशी त्यानं वाटी उचलली नाही. दुसऱ्या दिवशी नानचा तुकडा त्याच्या ओठांना लावला तर ओठ उघडले नाहीत. त्याचं तोंड भिंतीकडे वळलं. हातांना मलम लावताना कुंदुझला ते लाकडासारखे लागले आणि नखांच्या मुळाशी निळसर झाक दिसायला लागली. उकरून काढलं तेव्हा दिसली होती, तशीच. तिनं ते हात काखेत धरले, पोटाशी धरले, त्यांवर फुंकर घातली. गरम होईनात.

डॉक्टर येऊन गेले. रक्तदाब कमी आहे, म्हणाले. खायला घाला.

"कसं घालू?" कुंदुझनं विचारलं. "तुम्ही सांगा, कसं घालू?"

डॉक्टरांनी बॅग आवरली.

ती रात्रभर त्याच्या उशाशी बसून राहिली. मनात एकच वाद. एका बाजूला एक ओला कोट, चहाची एक जादा वाटी, पडद्यावरचा एक ठिपका. दुसऱ्या बाजूला हा माणूस, आणि त्याचा श्वास, जो मोजायलासुद्धा कान लावावा लागत होता. खिंडीत तो एकटा होता असं सगळे म्हणाले होते. तिनंही ते मानलं होतं. त्या बर्फाखाली इतका वेळ माणूस कुणाच्या आधारानं जगला, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि आता ते विचारायची तिची हिंमत होत नव्हती.

सकाळी गाळा उघडण्याआधीच ती बाजारात जाऊन उभी राहिली. साल्कीन कुलूप काढत होती. कुंदुझचा चेहरा बघून तिनं एकही थट्टा केली नाही. आतून पिशवी आणली आणि तशीच तिच्या हातात दिली.

७

स्वच्छ ऊन पडलं होतं. खिडकीतून नदीवरच्या बर्फाची तिरीप आत येऊन छतावर हलत होती. कुंदुझनं मेदेतला उशीला टेकवून सोफ्याच्या उजव्या टोकाला बसवलं आणि त्याच्याशेजारी, अगदी खेटून, आपण बसली. वायर लावली. दिवा लागला. तिनं आधी तपासणीचा पडदा उघडला. निदान कुठे आहे ते कळू दे.

दोन्ही ठिपके मधोमध होते.

तिला हसू फुटलं. तिनं कंट्रोलर डावीकडे वळवला. ठिपका हलला नाही. उजवीकडे वळवला, पाठमोरा केला, उलटा केला. ठिपका खिळा मारल्यासारखा मधोमध. गेलं. जे काही होतं ते गेलं, किंवा काही नव्हतंच. यंत्र थंडीनं आखडलं होतं, दोन दिवसांत सुटलं. तिला मेदेतला मिठी मारावीशी वाटली.

मग वर्गात आपणच कितीदा सांगितलेली गोष्ट तिला आठवली. दिशा दाखवायला अंतर लागतं. जिथे पोचायचं तिथे पोचलं, की दाखवायला दिशाच उरत नाही.

हसू तिच्या ओठांवर तसंच राहिलं. ती डावीकडे बघेना. डाव्या मांडीला, घरच्या कपड्यांतूनही, गारवा जाणवायला लागला होता. सोफ्याचं डावं टोक रिकामं होतं, हे तिला ठाऊक होतं. मघाशी तिनंच तिथली उशी उचलून मेदेतच्या पाठीशी दिली होती. डोळ्यांच्या कडेनं तिला तिथलं तपकिरी कापड दिसत होतं. ते हळूहळू खाली गेलं, दबलं, आणि दबलेलंच राहिलं. तिचं स्वतःचं अंगही सोफ्याच्या उताराबरोबर किंचित तिकडे कललं.

अजून उठता आलं असतं. वायर हातालाच होती. दार चार पावलांवर होतं, जिन्यात शेजारच्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. तिनं वायर मुठीत धरली.

"कुंदुझ."

तिनं मान वळवली. मेदेत तिच्याकडे बघत होता. त्याच्या गालांवर रंग होता, डोळ्यांत ओळख होती. आवाज खरखरीत होता, बरेच दिवस बंद राहिलेल्या नळातून पाणी यावं तसा अडखळत आला, पण त्याचाच होता. ज्या आवाजासाठी ती रोज दाराशी घुटमळायची, तोच.

"बोल," ती कशीबशी म्हणाली. "बोल, बोल ना."

"जरा माझ्याकडे सरक," मेदेत म्हणाला. "त्याला नीट बसू दे."

कुंदुझच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. तिला वाटलं, आपण आता उठलो, तर हा पुन्हा कधीच बोलणार नाही. तिच्या मुठीतली वायर सुटली.

ती सरकली.

"अजून थोडी," मेदेत मायेनं म्हणाला.

ती अजून सरकली, आणि तिनं त्याला विचारलं, चहा कुणाकुणाला ओतू?